लेकीला लिबरल आर्ट्समध्ये समाजशास्त्र-मानवशास्त्र घ्यायचंय. एवढे पैसे घालावेत का?

मिरजकर_काका
मुलगी बारावी झाली. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षं, मुख्य विषय समाजशास्त्र, जोडीला मानवशास्त्र. फीचा आकडा ऐकून बायको म्हणाली, तेवढ्यात इकडे फ्लॅट येईल. माझं मत सांगतो: हाच विषय अनुदानित कॉलेजात काही हजारांत मिळतो. आणि माणसं ओळखायला डिग्री कशाला? तीस वर्षं किराणा दुकान चालवतोय, उधारीच्या वहीत अख्खं गाव दिसतं.

तिरफळ
दिसतं हो काका, पण कधी मांडून बघितलंत? मी असाच कोर्स केलाय. पहिल्याच सत्रात घरातल्या नात्यांचा तक्ता काढायला लावला. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, मधल्या दोन रेघा म्हणजे लग्न. आजीला विचारत बसले. तीन पिढ्यांत मामाची मुलगी केलेली चार लग्नं निघाली, आत्याची मुलगी केलेलं एकही नाही. आजी म्हणे, "दिलेली वेल परत घरात आणत नाहीत." मग वर्गात इरावती कर्वे वाचल्या. भारतातल्या आप्तसंबंधांवरच्या त्यांच्या १९५३च्या पुस्तकात हेच आहे: उत्तरेत मामे-आते दोन्ही वर्ज्य, दक्षिणेत दोन्ही चालतात, महाराष्ट्र मधल्यामध्ये. त्या दिवशी आजी मला वेगळीच दिसायला लागली.

जुना_मास्तर
छान. पण बाई डेक्कन कॉलेजातल्या, आणि एम.ए. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांच्या हाताखाली. तिथला समाजशास्त्र विभाग १९१९चा, पॅट्रिक गेडिसने सुरू केलेला. घुर्ये स्वतः केंब्रिजहून मानवशास्त्र शिकून आले आणि इथे १९२४पासून तो विभाग चालवला. म्हणजे हे दोन विषय एकत्र नांदायला शंभर वर्षं झाली. आता त्यालाच चकचकीत माहितीपत्रक लावून लाखात विकतात, एवढंच.

कोरा_चहा
मास्तर, इतिहास खरा, पण आजचं बोला. मी जिल्ह्याच्या ठिकाणी बी.ए. केलं. सर तासिका तत्त्वावर, अर्धं वर्ष जागा रिकामीच. प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून स्पायरल मारून आणायचा. तीन वर्षांत वर्गाबाहेर पाऊल नाही.

मिरजकर_काका
बरं, पण नोकरी?

तिरफळ
खरं सांगते, पहिला पगार इंजिनिअर भावाच्या निम्मा होता. आता एका कंपनीसाठी लोकांच्या घरी जाऊन ते ॲप कसं वापरतात ते बघते. यूपीएससीला दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून आहेत, पण त्या एका आशेवर घेऊ नये.

डोंगराकडचा
दुसरी बाजू सांगू? आमच्या पाड्यावर दरवर्षी अशा कोर्सच्या मुलांची बस येते. दोन दिवस मुक्काम, हातात वह्या. "तुम्ही काय खाता, देव कोणता, लग्नं कशी लावता?" तेच प्रश्न, मुलं नवी. माझ्या चुलतीने एकदा उलट विचारलं, "तुझ्या घरी भांडी कोण घासतं?" पोरगी गप्प. लिहिलेलं पुन्हा आम्हाला कुणी दाखवलं नाही. काका, पोरीला पाठवा नाहीतर नका पाठवू. पाठवलीत तर एवढं मात्र सांगून पाठवा.

तिरफळ
हे मान्य. आम्हीही असेच जाऊन आलो होतो.

मिरजकर_काका
लेकीने सगळं वाचलं. आता उधारीची वही मागतेय. म्हटलं, त्यात लोकांची नावं आहेत, मिळणार नाही. नावं झाकून दे म्हणते. फीचं अजून ठरलं नाही.