टांझानियातील लहान शहरात वर्षभर गणित शिकवायला जावे का?

खडूफळा:

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकोणतीस वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना गणित शिकवले आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. येत्या जानेवारीपासून टांझानियाच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात, माफिंगा या लहान शहरातील एका शासकीय माध्यमिक शाळेत, वर्षभर स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जाण्याचे जवळजवळ ठरले आहे. राहायला खोली आणि जेवणापुरता भत्ता मिळेल, पगार नाही. निवृत्तिवेतन असल्यामुळे त्याची मला चिंता नाही.

चिंता आहे ती उपयोगाची. एका वर्गात सत्तर-ऐंशी मुले असतात, पाठ्यपुस्तके पुरेशी नसतात आणि शिकवणे इंग्रजीतून असते, असे मला कळवण्यात आले आहे. माझे इंग्रजी वाचण्या-लिहिण्यापुरते चांगले आहे, परंतु वर्गात उभी राहून मी आयुष्यभर मराठीतच बोलले. अशा स्थितीत एका वर्षात मी त्या मुलांच्या हाती काही ठेवू शकेन, की माझी व्यवस्था पाहण्याचा भार तेवढा त्या शाळेवर पडेल? तिकडे राहिलेल्या किंवा शिकवलेल्या कोणी मोकळेपणाने लिहिले तर निर्णय घेणे सोपे जाईल. उत्तर प्रतिकूल असले तरी ते मला हवेच आहे.

रानवाट:

बाई, माफिंगा ज्या मुफिंडी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील एका शाळेत मी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले. जरूर जा, परंतु तिथे जाईपर्यंतचे सगळे महिने स्वाहिली शिकण्यात घाला, असे मला सांगायचे आहे. आपण इंग्रजीविषयी लिहिले आहे. माझ्या अनुभवात खरी अडचण इंग्रजीच्या अलीकडेच सुरू होते.

टांझानियात शासकीय प्राथमिक शाळेची सात वर्षे स्वाहिलीतून होतात. त्यानंतर जानेवारीत मूल फॉर्म वनमध्ये, म्हणजे माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात, येते आणि स्वाहिली हा विषय सोडला तर जवळजवळ सगळे शिक्षण त्या दिवसापासून इंग्रजीतून सुरू होते. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी विज्ञानाच्या वर्गात पहिल्यांदा बसलेल्यांना तो दिवस आठवत असेल. मलाही आठवतो, कारण मी त्यांच्यापैकीच एक आहे. ही मुले मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच त्या दारातून आत येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी वाचू शकणारे कोणीही नसते.

पहिल्या महिन्यात मी फळ्यावर एक साधे उदाहरण लिहिले: चाळीस विद्यार्थ्यांपैकी तीन पंचमांश मुली असतील, तर मुलगे किती? वर्ग गप्प राहिला. मुलांचे अपूर्णांक कच्चे आहेत असे समजून मी दोन आठवडे अपूर्णांकांची उजळणी घेतली. नंतर एके दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीला तसेच एक उदाहरण मी वर्गाला स्वाहिलीत सांगायला लावले, तेव्हा तिचे वाक्य संपण्याआधीच निम्म्या वर्गाचे हात वर गेले. मुलांना गणित येत होते, प्रश्नाची भाषा कळत नव्हती. माझी उजळणी ज्यांना तिची गरज नव्हती अशा मुलांवर खर्च झाली, याची रुखरुख मला अजून वाटते.

त्यानंतर मी फळ्याच्या डाव्या कडेला एक पट्टी राखून ठेवली आणि रोजच्या पाठातले चार-पाच शब्द तिथे दोन्ही भाषांत लिहू लागलो. बेरीज करणे म्हणजे कुजुम्लिशा, वजा करणे कुतोआ, गुणणे कुझिदिशा, भागणे कुगावान्या. त्रिकोणाला पेंबेतातू म्हणतात. पेंबे म्हणजे कोन किंवा कोपरा आणि तातू म्हणजे तीन, म्हणजे आपल्या शब्दाचीच घडण. आपण आयुष्यभर मराठीतून गणिताची परिभाषा शिकवली आहे, तेव्हा व्याख्येतला एकेक शब्द उलगडून कसा सांगायचा हे आपल्याला माझ्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक असणार. ज्याला आपण आपला कच्चा दुवा समजता, त्याचीच त्या वर्गाला सर्वांत अधिक गरज आहे.

दुसरी विनंती वर्गाच्या निवडीची. फॉर्म टूच्या शेवटी राष्ट्रीय चाचणी असते आणि फॉर्म फोरची राष्ट्रीय परीक्षा नोव्हेंबरमध्ये होते. निकाल डिव्हिजनमध्ये, म्हणजे श्रेणींत, लागतो आणि पुढचा मार्ग त्यावर ठरतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या शिक्षकाला परीक्षेचा वर्ग देण्याकडे शाळेचा स्वाभाविक कल असतो. आपण नम्रपणे फॉर्म वन मागून घ्या. चौथ्या वर्षीच्या मुलांसाठी बहुतांश वेळ जुने प्रश्नसंच सोडवून घेण्यातच जातो. पहिल्या वर्षी मात्र मूल गणिताला धरून राहणार की दूर जाणार, हे ठरायचे असते. शासकीय शाळांतून फॉर्म फोरपर्यंतचे शुल्क २०१६ पासून रद्द झाले, हे अतिशय चांगले झाले. पण त्यामुळे वर्ग भरले आहेत आणि सर्वांत गर्दीचा वर्ग बहुधा पहिलाच असतो.

एक कठीण गोष्टही सांगायला हवी. तिथल्या शाळांत छडी कायद्याने मान्य आहे. नियमानुसार ती गंभीर चुकीसाठी, मुख्याध्यापकांनी किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेल्या शिक्षकांनी, चारपेक्षा अधिक नाही अशी द्यायची असते आणि मुलींना ती शिक्षा शक्यतो शिक्षिकेनेच करावी असा दंडक आहे. त्यामुळे आपल्याला हे काम सांगितले जाण्याचा संभव आहे. मला सांगितले गेले तेव्हा मी आयत्या वेळी, मुलांच्या देखत नकार दिला. त्याने माझ्या सहकाऱ्यांचा अवमान झाला आणि त्या मुलाला नंतर दुसऱ्या कोणीतरी मारलेच. हा नकार पहिल्याच आठवड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून, शांतपणे सांगून ठेवावा. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीवर बंदी आहे आणि आपण त्याच वळणाच्या आहात, एवढे कारण पुरते. आपल्या वयाचा मान तिथे मोठा आहे, तेव्हा ऐकले जाईल.

दारेसलामकर:

मी कामानिमित्त नऊ वर्षे दार-एस-सलाममध्ये राहतो. रानवाट यांनी वर्गातले लिहिलेच आहे, मी बाहेरचे लिहितो.

पर्यटक व्हिसावर येऊन शिकवू नये, बिनपगारी असले तरीही. स्वयंसेवकांसाठी वर्ग सी हा निवास परवाना असतो. तो कोण काढणार आणि शुल्क कोण भरणार, हे संस्थेकडून लेखी घ्यावे. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे येणार असाल तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरले जाते आणि भारतात परतताना ते तपासले जाते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. माफिंगा महाबळेश्वरहून उंच आहे आणि जून-जुलैमध्ये तिथे चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणून केवळ सुती कपडे आणलेली माणसे मी कुडकुडताना पाहिली आहेत. शाकाहारी असाल तरी अडचण नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिच्याबरोबर शिजवलेला राजमा आणि म्चिचा, म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी, सर्वत्र मिळते.

आता थोडे नाजूक. रस्त्यावर आपल्याला म्हिंदी, म्हणजे भारतीय, अशी हाक येईल. त्या शब्दात शिवी नाही, पण त्यामागे इतिहास आहे. गुजराती व्यापारी आणि वसाहतकाळातील कचेऱ्यांतले गोवेकर कारकून यांच्या पिढ्या इथे गेल्या आणि सामान्य टांझानियन माणसाने भारतीयाला बहुधा दुकानाच्या गल्ल्यामागेच पाहिले. फळ्यासमोर उभी असलेली भारतीय बाई त्यांना नवीन वाटेल.

आपल्या मूळ शंकेबद्दल माझेही एक मत आहे. या देशात प्रशिक्षण पूर्ण करून नेमणुकीची वाट पाहणारे तरुण शिक्षक पुष्कळ आहेत. आपण भाषा किंवा इतिहास शिकवायला येणार असता, तर येऊ नका असे मी स्पष्ट लिहिले असते. गणित आणि विज्ञान यांच्या शिक्षकांची मात्र टंचाई खरी आहे. तरीही आपल्या वर्गात एखादा स्थानिक तरुण शिक्षक आपल्याबरोबर उभा राहील, अशी अट संस्थेला घालून पाहावी. आपण डिसेंबरमध्ये परत जाल, तो तिथेच असेल.

अनुस्वार:

मी तिथे गेलेली नाही, पण पुण्यात हौसेने स्वाहिली शिकते, म्हणून मोजकेच लिहिते. मराठी माणसाला या भाषेची भीती वाटण्याचे कारण नाही. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी व्यापाराच्या वाटेने आलेले कितीतरी शब्द दोन्हीकडे आहेत. तारीख म्हणजे तारेहे, साबण म्हणजे साबुनी, रंग म्हणजे रांगी, सरकार म्हणजे सेरिकाली, पैसा म्हणजे पेसा. आपल्या विषयाचे तिथले नाव हिसाबाती, त्यात आपला हिशेब आहे. दाफ्तारी म्हणजे मात्र दप्तर नव्हे, वही.

घड्याळ आधीच समजून घ्या. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. कोणी ‘सा म्बिली’ला, म्हणजे दोनला बोलावले, तर सकाळी आठला पोहोचायचे. मुले आपल्याला ‘शिकामो’ म्हणतील. आपले पाय धरते, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ सांगतात. त्याचे उत्तर ‘माराहाबा’. शिक्षकाला म्वालिमु म्हणतात आणि त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे पूर्वी शिक्षक होते, म्हणून लोक आजही त्यांना म्वालिमु याच नावाने ओळखतात. ज्या देशात राष्ट्राध्यक्षालाही हेच नाव मानाचे वाटले, तिथे आपण शिकवायला निघाला आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

खडूफळा:

आपणा तिघांचे उपकार कसे मानू, हे कळत नाही. काल रात्री रानवाट यांचे उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्या गप्प बसलेल्या वर्गापाशी आल्यावर मला थांबावे लागले. माझ्याही वर्गातली मुले अशीच गप्प बसत असत आणि त्यांना येत नाही असे मी किती वेळा समजले असेन, हा विचार मनातून जात नाही.

संस्थेला आज पत्र लिहिले आहे. फॉर्म वन मिळावा, सोबत स्थानिक शिक्षक असावा आणि परवान्याचे लेखी कळवावे, असे तीन मुद्दे घातले. स्वाहिलीची शिकवणीही सोमवारपासून लावली. एक छोटी शंका उरली आहे. फळ्यावर वापरायचा माझा मोठा लाकडी कंपास, गुण्या आणि कोनमापक सामानातून न्यावे का? वजन बरेच आहे, पण त्यांच्याशिवाय भूमिती शिकवण्याची मला सवय नाही.

रानवाट:

बाई, आणू नका. त्यांची मापे कागदावर काढून घ्या आणि कोनमापकाचा कागदी साचा तेवढा बरोबर ठेवा. माफिंगाच्या शेजारी साओ हिलची मोठी वनलागवड आहे, सगळे शहर पाइनच्या फळ्यांवर चालते आणि बाजारात सुतारांची दुकाने लागून लागून आहेत. मी एका सुताराकडून फळ्यावरचा कंपास करून घेतला होता. पहिला डगमगला, दुसरा उत्तम झाला. आपल्याबरोबर वर्गात उभ्या राहणाऱ्या तरुण शिक्षकालाच तो साचा घेऊन सुताराकडे पाठवा. पुढे एखादा मोडला, तर नवा कुठे करून घ्यायचा हे त्याला ठाऊक असेल.