मदत हवी आहे: शुगर असताना पायाची दबलेली नस मोकळी करण्याचं ऑपरेशन कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी. आईला बरीच वर्षं शुगर आहे. हल्ली रात्री तळपायांची नुसती आग होते, चादर लागलेलीसुद्धा सोसत नाही. प्रीगाबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) चालू आहे, पण त्याने दिवसभर पेंग येते नि चालताना तोल जातो.

एका सर्जननी घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोटाने टकटक केलं, तर थेट अंगठ्यापर्यंत करंट गेल्यासारखं झालं. त्यांच्या मते तिथे, टार्सल टनेलमध्ये (नस जाते त्या अरुंद बोगद्यात), नस दबली आहे. वरचा पट्टा कापून मोकळी करू. न्यूरॉलॉजिस्ट म्हणतात, त्रास दोन्ही पायांना सारखा आहे, म्हणजे हे शुगरचंच, कापाकापी नको. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीनेही २००६ मध्ये डायबेटिक न्यूरोपॅथीसाठी (शुगरने नसा खराब होणं) हे ऑपरेशन सिद्ध झालेलं नाही, असं म्हटलं होतं. आता ऐकायचं कुणाचं?

कुणाच्या घरी झालंय का? जळजळ खरंच थांबली, की नुसता बधिरपणा उरला? जखम भरायला किती दिवस गेले? (मला खरी धास्ती त्याचीच.) एनसीव्हीचा (नसांमधून करंट किती वेगाने जातो त्या तपासणीचा) रिपोर्ट आहे. तिसरं मत घ्यायचं तर पुणे-कोल्हापूरकडे कुणाला दाखवावं?

तेलं आणि चुंबकाच्या चपला कृपया सुचवू नका, ते सगळं करून झालंय.