कथा वाचून खरं सांगणारं कुणी आहे का?

बालाघाटची
मी केज तालुक्यातली. दिवसभर किराणा दुकान, साडेनऊला शटर ओढलं की मोबाइलवर कथा लिहिते. दोन वर्षांपासून लेखकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपात आहे, माणसं दोनशेच्या वर. अकराशे शब्दांची कथा टाकली की दोन मिनिटांत 'अप्रतिम ताई', फुलं, जोडलेले हात. मागच्या महिन्यात मुद्दाम शेवटचा परिच्छेद गाळून कथा टाकली. तरी तिघांना 'शेवट काळजाला भिडला'! हसावं का रडावं?

दुसरं दुखणं: एका दिवाळी अंकानं कथा घेतली, पण 'काय करायलास?'चं सगळीकडं 'काय करतोयस?' करून टाकलं. कथेतला माझा सालगडी एका रात्रीत पुण्याला राहायला गेला.

तुम्ही लिहिलेलं कुणाला दाखवता?

गोदाकाठ
ताई, आम्ही पाचजण आहोत. नांदेड, परभणी, उदगीर असे विखुरलेले. 2022 ला उदगीरला साहित्य संमेलन झालं, तिथं पुस्तकांच्या स्टॉलवर ओळख झाली. रविवारी रात्री नऊला गूगल मीटवर बसतो. छान-वाईट म्हणायचं नाही, वाचताना कुठं अडखळलो तेवढंच सांगायचं. माझ्या कथेत पोरं पोळ्याला तुरीच्या शेंगा खात होती. परभणीची मैत्रीण म्हणाली, "काका, पोळ्याला तुरीला फूल तरी असतं का?" शेतकऱ्याचा पोरगा मी, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जोगाईवाडा
बोलीचं म्हणाल तर कथेच्या वरच लिहा: संवाद बोलीतले आहेत, बदलू नयेत. छापण्याआधी प्रूफ मागा. लाजायचं काय त्यात? बाकी वाहवा नाही मिळाली तर आमच्या अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत आठवा, अख्ख्या पासोडीवर, म्हणजे जाड पांघरुणावर, लिहून काढलं, तेही एका इमोजीशिवाय.

एसटीतला वाचक
पाचजणांनाही एकमेकांची सवय होते बरं का. एखादा न लिहिणारा वाचक धरा. माझा गॅरेजवाला मित्र 'हितं झोप लागली' म्हणून परिच्छेदावर बोट ठेवतो. झोंबतं, पण त्याचं बोट सहसा बरोबर जागी असतं.

बालाघाटची
गोदाकाठ, नऊला माझ्याकडं गिऱ्हाईक असतंय. पावणेदहाला चालंल का?

गोदाकाठ
चालंल की. कथा शुक्रवारपर्यंत पाठवा. शेवटासकट.