किलिक घेऊन बटणं बडवणाऱ्या भाच्याला कसं हरवायचं? (सोलकॅलिबर ६)

कराडकर_मामा

मंडळी, वय ४१. विचारायला लाज वाटतेय, पण विचारतोच.

गेल्या दिवाळीत सेकंडहँड पीएस ४, म्हणजे प्लेस्टेशन, घेतला. दुकानदाराने मारामारीच्या खेळांच्या दोन डिस्क पुढे ठेवल्या, हातापायांनी लढायचा टेकेन ७ आणि हत्यारांनी लढायचा सोलकॅलिबर ६. मी दुसरी उचलली. कारण एवढंच की नववीत असताना स्टँडमागच्या पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून पहिल्या प्लेस्टेशनवर सोल ब्लेड, म्हणजे याच मालिकेतला पहिला खेळ, खेळलो होतो. कुणाला आठवतंय का, त्यात हत्याराचीही वेगळी पट्टी असायची. नुसतं अडवत बसलं की ती संपायची, तलवार मोडायची आणि आमचा मित्सुरुगी बुक्क्यांवर यायचा. तो मित्सुरुगी अजून आहे हे कव्हरवर पाहिलं आणि खिशात हात गेला.

दिवाळीपासून रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास सराव. यूट्यूबवर जपानी खेळाडूंचे सामने बघितले. आठही दिशांना पळायचं, समोरच्याभोवती घिरट्या घालायच्या, त्याचा वार चुकला की आत शिरायचं, हे सगळं वहीत लिहून काढलं. खोटं नाही, खरंच वही केलीय.

आता सुट्टीला पुण्याहून भाचा आलाय. पाचवी झाली. त्याने किलिक निवडला, तो लांब काठीवाला. तेव्हापासून डाव्या हाताने चिवडा खातो आणि उजव्या अंगठ्याने नुसतं चौकोनाचं बटण दाबतो. स्क्रीनकडे बघतही नाही नीट. काठी गरागरा फिरते आणि माझा मित्सुरुगी आडवा. रविवारचा हिशेब, भाचा २३, मामा ४. त्या चारातल्या दोन वेळा तो स्वतःच रिंगबाहेर गेला.

बायको म्हणते तुम्हीपण तेच बटण दाबा. मुद्दा तो नाही. मला एवढंच कळायला हवंय की हा खेळ आतून पोकळ आहे, की माझंच काही चुकतंय? पोकळ असेल तर डिस्क विकून टाकतो.

बटणबडव्या

मामा, किलिकच्या काठीचं नाव माहितीये का? कली-युग. खरंच, खेळातच आहे तसं. आता भाचा कलियुग हातात घेऊन समोर बसलाय आणि तुम्ही वही काढताय. भाच्याच्या हातून मामाचा शेवट, ही गोष्ट आपल्याकडे जुनी आहे.

उपाय सोपा आहे. मित्सुरुगी सोडा, आस्टारोथ घ्या, तो दांडगा कुऱ्हाडवाला. रिंगच्या कडेला धरायचं आणि उचलून बाहेर फेकायचं. रक्ताची पट्टी भरलेली असली तरी राउंड गेला. टेकेनमध्ये ही सोय नाही.

एडिसनकर

ती गोष्ट द्वापारातली हो, कलियुगातली नाही. आणि गंमत म्हणजे किलिककडे द्वापार-युग नावाचा आरसाही आहे, गळ्यात घालतो. शियांगहुआच्या तलवारीचं नाव कृत-युग. पहिल्या सोलकॅलिबरमध्ये तीच खरी सोल कॅलिबर तलवार निघते. चारातली तीन युगं सापडली, त्रेता कुठे गेलं हे मी वीस वर्षं शोधतोय.

खेळाबद्दल माझं मत विचाराल तर सहावा बरा आहे, दुसरा सोनं होता. २००३ साली इथे न्यू जर्सीत आम्ही चौघे एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. माझ्याकडे निंटेंडोचा गेमक्यूब, त्यात झेल्डा खेळातला लिंक. रूममेटकडे पीएस २, त्यात टेकेनचा हेइहाची, बाकी सगळे शस्त्रं घेऊन आलेले असताना हा आपला मुठी आवळून उभा. एक्सबॉक्सवाल्यांना कॉमिकमधला स्पॉन. खेळ एकच, बाहेरून आणलेली पाहुणी पात्रं तीन मशीनवर तीन वेगळी. शुक्रवारी रात्री भात लावायची पाळी कुणाची हे त्याच्यावरच ठरायचं. पुढे २०१३ला त्याच दुसऱ्या भागाची एचडी आवृत्ती आली तर तिच्यात हेइहाची आणि स्पॉन दोघेही आले, लिंक तेवढा नाही. मी घेतली नाही.

पाचव्याबद्दल बोलत नाही. २०१२ला आला, गोष्ट १७ वर्षं पुढे नेली आणि जुनी अर्धी माणसं गायब. सहाव्यात त्यांनी गोष्टच मागे फिरवून पहिल्या भागाच्या काळात नेली यातच काय ते आलं.

कराडकर_मामा

एडिसनकर, वाचायला मजा आली, पण भाचा अजून जिंकतोच आहे.

काठीवाला

मामा, तुमचं काय चुकतंय ते तुम्हीच लिहिलंय. घिरट्या.

मी कोल्हापूरचा. लहानपणी पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकलो. काठी, पट्टा, थोडी फरीगदका. वस्तादांनी पहिले काही महिने काठी फिरवूच दिली नाही, नुसते पवित्रे. आमची चिडचिड व्हायची. नंतर कळलं की काठीवाल्याच्या बाजूला सरकणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा, कारण काठी बाजूनेच येते. काठीच्या टोकापासून लांब तरी राहायचं नाहीतर सरळ आत शिरून त्याच्या छातीला भिडायचं. मधल्या जागेत उभं राहिलं की डोकं फुटतं. माझं फुटलंय, तीन टाके आहेत.

सोलकॅलिबरवाल्यांनी हे नेमकं पकडलंय, म्हणून मला हा खेळ टेकेनपेक्षा जवळचा वाटतो. टेकेनमध्ये बटणं म्हणजे दोन हात नि दोन पाय. इथे चौकोन म्हणजे आडवा वार, त्रिकोण म्हणजे उभा वार, गोल म्हणजे लाथ आणि फुली म्हणजे अडवणं. सगळं गणित आडव्या-उभ्यात आहे. उभा वार बाजूला सरकून चुकवता येतो. आडवा वार बाजूला सरकणाऱ्याला कापतो. आणि उंचावरून येणारा आडवा वार खाली बसलं की डोक्यावरून जातो, पण बसलेल्याला उभा वार लागतो. झालं, एवढंच.

आता बघा. भाचा नुसता चौकोन दाबतोय, म्हणजे नुसते आडवे वार, तेही खेळातल्या लांबातल्या लांब हत्यारांपैकी एकाने. आणि तुम्ही जपान्यांचे व्हिडिओ बघून गोल गोल फिरताय. प्रत्येक वेळी स्वतःहून काठीत चालत जाताय! ते जपानी फिरतात कारण समोरचा उभे वार करायला बघत असतो. तुमच्यासमोर जपानी नाही, चिवडा खाणारा मुलगा आहे.

आधी फिरणं बंद करा. अडवा. ट्रेनिंगमध्ये जाऊन समोरच्या बाहुल्याला किलिक बनवा, त्याच्याकडून भाच्यासारखा चौकोन-चौकोन रेकॉर्ड करून घ्या आणि चालू ठेवा. मग बघत बसा कुठला फटका डोक्यावरून जातो. तिथे खाली बसायचं आणि उठता उठता उभा वार हाणायचा. सगळेच डोक्यावरून जात नाहीत, काही कंबरेला येतात, म्हणून अंदाजाने बसू नका, आधी बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. आणि एकदा आत शिरलात की मागे येऊ नका, चिकटून राहा. अंगाला भिडलेल्या माणसापुढे लांब काठी अवजड होते.

शिवाय आर-१, कंट्रोलरच्या खांद्यावरचं बटण. ते दाबून धरलं की मित्सुरुगी समोरचे वार झेलत उलटा वार करतो. तो लागला की सगळं संथ होतं आणि दोघांना एकेक बटण निवडायचं असतं. उभा वार आडव्याला हरवतो, आडवा लाथेला, लाथ उभ्याला. भाचा काय निवडणार हे तुम्हाला आत्ताच माहितीये. त्रिकोण दाबा.

तलीमवाली

काठीवाला यांचं आर-१ सोडून सगळं पटलं. माझ्या मते २०१८च्या या आवृत्तीतली सगळ्यात वाईट गोष्ट तीच. छान रंगात आलेली लढाई, आणि मध्येच दगड-कागद-कात्री. कॅमेरा फिरतो, दोघं एकमेकांकडे रोखून बघतात, पाचव्या वेळेला तर जांभई येते. चांगला खेळाडू ते येताना बघून सरळ धरून आपटतो. भाच्याविरुद्ध चालेल, पण सवय लावून घेऊ नका. त्याऐवजी पुढची दिशा आणि फुली एकदम दाबा, वार लागायच्या क्षणी. समोरच्याचं हत्यार बाजूला उडतं. जमायला वेळ लागतो, पण जमलं की काठीचा तो टणत्कार ऐकून जेवण गोड लागतं.

मी टालिम खेळते. (नाव तलीम नाही, टालिम. फिलिपाइन्सची पोरगी आहे, कोपराला लावलेली दोन पाती. पण आमच्या घरी सगळे तलीमच म्हणतात, म्हणून हे टोपणनाव.) तिचे हात एवढे आखूड की काठीवाल्याशी लढायचं म्हणजे दर वेळी आख्खं अंगण ओलांडून जायचं. म्हणून सांगते, मित्सुरुगी काही लहान हत्याराचा नाही, तुम्हाला रडायला जागा नाही.

डिस्क विकू नका, पण कशासाठी ठेवताय ते मनाशी ठरवा. ऑनलाइनसाठी असेल तर आशा कमी ठेवा. नव्या खेळांसारखा रोलबॅक, म्हणजे नेटचा उशीर झाकायची सोय, यात नाही. समोरचा लांबच्या देशातला असला की बटण आत्ता दाबा, तलवार सवडीने फिरते. मी नाशिकहून खेळते, जवळपास खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एकट्याने खेळायचा तो लिब्रा ऑफ सोल भाग मी पूर्ण केला, पण त्यात लढाई कमी आणि वाचन जास्त. हा खेळ एकाच सतरंजीवर बसलेल्या दोघांचा. तुमच्याकडे सुट्टीपुरता तरी दुसरा माणूस आहे, माझ्याकडे नवरा आहे आणि तो फक्त क्रिकेट लावतो.

बटणबडव्या

नुसती काठीच का, मारामारीच हवी असेल तर समुराय शोडाउन घ्या, २०१९वाला. दोन-तीन सणसणीत वार बसले की खेळ खल्लास. तिथे बटणं बडवणारा चहा थंड व्हायच्या आत मरतो. त्यातला हाओहमारू सहाव्या सोलकॅलिबरमध्येही पाहुणा म्हणून आलाय, पण वेगळे पैसे.

काठीवाला

ते मान्य, पण तिथे ११ वर्षांचा मुलगा दोनदा खेळेल आणि कंट्रोलर ठेवून देईल. सोलकॅलिबरची खुबीच ही की अडाणी माणसाची काठीसुद्धा बघायला देखणी दिसते. पहिल्या दिवशी आलेल्या पोराला वाटतं मी शिकलेलाच आहे. मामांना जो पोकळपणा वाटतोय, त्याच्यामुळेच भाचा रोज बसतोय समोर.

कराडकर_मामा

आठवड्याने आलोय, हिशेब द्यायला.

सोमवारी रात्री सगळे झोपल्यावर आवाज बंद करून काठीवाल्यांनी सांगितलं तसं बाहुलं लावलं. दहा मिनिटं नाही, दीड तास लागला. पण दिसलं. गेले सहा महिने मी जिथे जिथे डावीकडे पळत होतो, तिथे नुसतं खाली बसायचं होतं. वहीतली आठ पानं फाडली नाहीत, पण त्यांच्यावर काट मारली.

मंगळवारी दहापैकी सात मी जिंकलो. शेवटचे तीन तर आर-१ आणि त्रिकोण, आर-१ आणि त्रिकोण. ताई, तुमचं बरोबर आहे, जिंकताना स्वतःलाच जरा कसंनुसं झालं. भाच्याने चिवड्याची वाटी बाजूला ठेवली. सुट्टीत पहिल्यांदा. बोलला काही नाही.

बुधवारी खेळलाच नाही, आजीबरोबर मंडईत गेला.

गुरुवारी बसला. पहिलाच आर-१, मी त्रिकोण दाबला आणि मित्सुरुगीच्या थोबाडावर लाथ. मला वाटलं चुकून. परत तेच. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "मामा, तू दर वेळी तेच दाबतोस." २३ सामने मी त्याच्याबद्दल जे म्हणत होतो तेच वाक्य, शब्दाला शब्द.

त्या दिवशी पाच-पाच. शुक्रवारी लाईट नव्हती. शनिवारी त्याने स्वतःहून किलिक सोडला, म्हणाला याचं मला सगळं येतं. येत काही नाही, पण असो. सगळी माणसं एकेक करून बघितली आणि व्होल्डोवर थांबला. तो डोळ्याला पट्टी बांधलेला, अंग वेडंवाकडं करत सरपटणारा. दोन्ही हातांत आपल्या कट्यारीसारखं हत्यार आहे, मूठ आडवी, पातं सरळ पुढे. मी म्हटलं अरे ही कट्यारच, आपल्याकडची, आणि दहा मिनिटं कट्यारीवर बोललो. तेवढ्यात त्याने मला दोनदा मारलं.

डिस्क विकत नाही. पण आता नवीन प्रश्न. हा व्होल्डो मध्येच पाठ फिरवून उभा राहतो आणि पाठमोराच मारत सुटतो. मला कळतच नाही तो येतोय की जातोय. भाचा बुधवारी पुण्याला परत चाललाय, मधे चार रात्री आहेत. पाठमोऱ्या व्होल्डोला मारायचं कसं?

एडिसनकर

२००३पासून विचारतोय. कळलं तर मलाही सांगा.

तलीमवाली

बाहुलं लावा, मामा. आणि या वेळी आवाज चालू ठेवा. तो फिरताना अंगावरचं लोखंड वाजतं का बघा.