छोट्या कुत्र्यासाठी गळपट्टा की हार्नेस? आपापले अनुभव लिहा

आमच्याकडे लवकरच पॉमेरेनियनचं पिल्लू येणार आहे. पूर्ण वाढ झाली तरी वजन साधारण साडेतीन किलोच्या आतच राहील, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्याशा मानेभोवती काय बांधायचं यावर घरात रोज चर्चा झडते. सासऱ्यांनी आयुष्यभर मोठी कुत्री पाळली, त्यांच्या मते चामडी पट्टा आणि साखळी पुरे. डॉक्टर म्हणतात हार्नेसच घ्या, म्हणजे मानेऐवजी छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्या. हार्नेस बघायला गेलं तर त्यात इतके प्रकार, की काहीच ठरेना. ज्यांच्याकडे छोटी कुत्री आहेत किंवा होती, त्यांनी कृपया लिहा. काय वापरता, माप कसं घेतलं, कुठे अडलं. कोणत्या कंपनीचं घ्यावं यापेक्षा काय बघून घ्यावं, हे हवं आहे.

छकुलीचे बाबा

आमची छकुली पॉमेरेनियनच, आता वय झालंय तिचं. दाराची बेल वाजली की आनंदाने उड्या मारायची आणि त्यातच खोकल्याची उबळ यायची. कोरडा, हंस ओरडावा तसा आवाज. मान पुढे ताणून, कोपरं बाहेर काढून उभी राहायची. एक्स-रे काढल्यावर कळलं, की श्वासनलिका चपटी होते आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. श्वासनलिका कूर्चेच्या, म्हणजे लवचिक मऊ हाडाच्या, कड्यांमुळे उघडी राहते, पण या कड्या पूर्ण गोल नसतात. वरच्या बाजूला फट असते आणि ती पातळ पडद्याने झाकलेली असते. कूर्चा मऊ पडली की हाच पडदा आत खचतो. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा, टॉय पूडल यांच्यात हे जास्त दिसतं.

आजार पट्ट्यामुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मानेवर बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याने तो चाळवतो, हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या दिवशी गळ्याला लीश, म्हणजे फिरवायची दोरी, लावणं सोडलं ते कायमचं. औषधं, थोडं वजन उतरवणं आणि छातीवरचा हार्नेस, या तिन्हींमुळे उबळी खूपच कमी झाल्या. ताई, सासऱ्यांना सांगा, मोठ्या कुत्र्याच्या जाड मानेत जो हिसका जिरून जातो, तो या पिल्लाच्या थेट नळीवर येतो.

बंटीची ताई

आमचा बंटी पग. डोळ्यांसाठी हार्नेस घेतला, हे कारण फारसं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. मानेवर दाब आला की डोळ्याच्या आतला दाबही वाढतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो मोजून पाहिला होता. पट्ट्याला ओढ बसल्यावर डोळ्यातला दाब चांगलाच वाढला, हार्नेसमध्ये तसा वाढला नाही. काचबिंदू असेल किंवा बुबुळाला जखम असेल, तर हे फारच महत्त्वाचं. पग, शिह-त्झू, पेकिंगीज यांचे डोळे मुळातच उथळ खोबणीत असतात.

मापाबाबत एक. पगला वजनावरून दिलेला साइझ जवळजवळ कधीच बसत नाही, मान आणि छाती भरदार, पाठ आखूड. छातीचा घेर घ्या आणि त्यावरूनच ठरवा.

झिप्रीची आई

झिप्री दत्तक घेतलेली, मिश्र जातीची, अंगाने बारीक आणि अतिशय घाबरट. आमच्यासाठी पहिला प्रश्न खोकल्याचा नव्हताच, निसटण्याचा होता. शेजारून ट्रकचा हॉर्न वाजला. तिने चारही पाय रोवले, मान खाली घातली आणि माझ्याकडे तोंड करून मागे मागे सरकली. पुढचे कोपर एकेक करून पट्टीतून सुटले आणि हार्नेस डोक्यावरून अलगद निघून माझ्या हातात आला. बक्कल बंदच होतं, काहीही तुटलं नव्हतं! ती घाबरून जागच्या जागी बसली म्हणून उचलता आली.

तेव्हापासून तिला तीन पट्ट्यांचा हार्नेस आहे. एक पट्टी मानेच्या बुडाशी, एक पुढच्या पायांच्या मागे आणि तिसरी त्याहून मागे, बरगड्या संपतात तिथे. छाती रुंद आणि कंबर बारीक असली की तिसरी पट्टी छातीवरून पुढे सरकूच शकत नाही. शिवाय हार्नेसची कडी आणि गळ्यातला पट्टा जोडणारी एक छोटी दुहेरी हुकाची पट्टी लावते. एकातून सुटली तरी दुसऱ्यात राहते.

नवीन हार्नेस आणला की घरातच तपासा. कुत्र्याच्या समोर उभं राहून लीश हलक्या हाताने आपल्याकडे घ्या आणि त्याला मागे सरकू द्या. बाहेर नेताना कुत्रा पुढे ओढतो, तेव्हा सगळेच हार्नेस छान बसलेले दिसतात. खरी परीक्षा मागे सरकताना होते.

मोती-माणिकवाले काका

दोन कुत्री असतील तर घरात खेळताना गळ्यातले पट्टे काढून ठेवा. आमच्या माणिकचा खालचा जबडा मोतीच्या पट्ट्यात अडकला होता. सोडवायला एक जण गोल फिरला आणि पट्टा आणखी आवळला. माझ्या मुलाने प्रसंगावधान राखून दोघांना एकमेकांजवळ ढकललं, पट्टा सैल पडला आणि बक्कल उघडता आलं. नावाची पट्टी सतत हवीच असेल, तर ओढ बसताच आपोआप सुटणारं बक्कल असलेला पट्टा मिळतो. मात्र त्याला नेहमीसारखी एका कडीत लीश लावायची नाही, रस्त्यातच सुटेल. पिंजऱ्यात ठेवतानाही गळ्यात काही नको, गजांत अडकतं.

दवाखान्यात काम करणारी

मी पशुवैद्यांकडे मदतनीस आहे. आमच्याकडे सर्वात जास्त काय दिसतं, तर चुकीचं माप. लांब केसांच्या कुत्र्यांचं माप केसांवरून घेतलं जातं आणि अंघोळ घातली की तोच हार्नेस ढिला होतो. केस बाजूला करून, कुत्रा उभा असताना, शिवणकामाच्या टेपने माप घ्या. दोनच मापं लागतात. मानेचं बूड, म्हणजे जिथे मान खांद्याला मिळते तिथला घेर, आणि पुढच्या पायांच्या मागे छातीचा सर्वात मोठा घेर. पट्टीखाली दोन बोटं सहज जावीत, अगदीच छोट्या कुत्र्याला एक. काखेत पट्टी घुसता कामा नये. तिथली त्वचा पातळ असते, आधी केस झडतात, मग लाल होते. घरी आल्यावर हार्नेस काढा आणि काखेत हात फिरवून बघा. केसांच्या गुठळ्या तिथेच धरतात.

पुढून बघताना छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस मला पसंत आहे. खांद्यांवर आडवी पट्टी येणारे प्रकार पुढचा पाय टाकताना आड येतात.

रुंद, मऊ अस्तराचा पट्टा घेतला तर चालेल का, हे खूप जण विचारतात. 2020 साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे तपासले होते. ओढ बसल्यावर इजेचा धोका टळेल इतका कमी दाब एकाही पट्ट्याने दिला नाही. म्हणून आम्ही सांगतो, गळ्यात नावाचा हलका पट्टा ठेवा, लीश हार्नेसला लावा. आणि लीश धरून कुत्र्याला वर उचलू नका. गळपट्ट्याला लावलेली असेल तर अजिबातच नाही.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांनी छकुलीच्या बाबांचं उत्तर वाचलं आणि चामडी पट्टा स्वतःहून कपाटात ठेवला. एक शंका आहे. पिल्लू हार्नेस घातल्यावर जागचं हललंच नाही तर?

झिप्रीची आई

बहुतेक पिल्लं आधी गोठल्यासारखी होतात. हार्नेस आधी नुसता जमिनीवर ठेवा, तो हुंगला की खाऊ द्या. मग डोकं स्वतःहून आत घालू दे, आपण चढवायचा नाही. डोक्यावरून काही आलेलं सोसत नसेल, तर पाय आत टाकून पाठीवर बंद होणारा घ्या. फक्त तो मागे सरकून निसटायला सोपा असतो, तेवढं तपासा. बक्कल लावताना त्वचा किंवा केस चिमटीत सापडले, की पिल्लू पुढचे कित्येक दिवस हार्नेस पाहून पळतं. खाली बोट ठेवूनच बक्कल लावा. लीशही हलकी हवी, मोठ्या कुत्र्याचा जाड हुक पिल्लाच्या पाठीवर सारखा आपटतो आणि हार्नेस एका बाजूला ओढला जातो. आपोआप गुंडाळणारी लीश इतक्यात नको. पिल्लू धावत सुटलं की दोरी संपताना जोराचा हिसका बसतो.

दवाखान्यात काम करणारी

अगदी बरोबर. पिल्लू वाढत असेपर्यंत दर आठवड्याला पट्ट्या सैल करून बघा, आणि पहिला हार्नेस साधाच घ्या, काही महिन्यांत लहान होणार आहे. पिल्लू आलं की दोन्ही मापं इथे टाका, साइझ कळवते.