शब्दचर्चा: अंगराग, उटणं, उटी, अर्गजा

दिवेलागण:
उटण्याच्या एका पाकिटावर ‘राजस्त्रियांचा शाही अंगराग’ असं छापलेलं बघितलं. आत नेहमीचाच मालमसाला: मुलतानी माती, आंबेहळद, नागरमोथा, कचोरा. मागे लिहिलंय, ‘पाच मिनिटांनी धुऊन टाका’. तर अंगराग म्हणजे उटणंच का? आणि राण्या अंगाला जे काही लावत असतील, त्याला त्यांच्याकडे काय म्हणायचे?

पाटावरवंटा:
अंगराग आणि उटणं यांची कामं नेमकी उलटी आहेत.

उटणं आलं संस्कृत ‘उद्वर्तन’वरून, मधे प्राकृत ‘उव्वट्टण’. हिंदीतलं उबटन त्याचंच भावंड. चोळून चोळून अंगावरचं काढायचं, हा त्याचा धर्म. तेल लावलेल्या अंगावरून उटणं फिरवलं की ते तेल आणि मळ दोन्ही घेऊन उतरतं.

अंगरागातला ‘राग’ म्हणजे रंग. संताप नव्हे, यमनही नव्हे. तो न्हाऊन झाल्यावर लावायचा आणि अंगावर राहू द्यायचा. चंदन, केशर, कस्तुरी, कापूर, ऋतू बघून कमीजास्त. तेव्हा ज्या पाकिटावर ‘धुऊन टाका’ लिहिलंय ते उटणं आहे, छापणाऱ्याने काहीही छापो.

हा फरक राजवाड्यात चांगला पाळला जात होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त (12वं शतक, कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण) राजाच्या उपभोगांची यादी आहे. त्यात स्नानभोग वेगळा आणि विलेपनभोग वेगळा. चोळून धुणं एका प्रकरणात, लावून मिरवणं दुसऱ्या.

जाता जाता: ‘अभ्यंग’मध्ये ‘अंग’ नाही. अभि + अंज्, म्हणजे माखणं. अंजन त्याच धातूचं. त्यामुळे तेल न लावता केलेल्या आंघोळीला अभ्यंगस्नान म्हणू नये, मग पहाटे चार वाजता उठून का केलेली असेना.

तिरकीटोपी:
थांबा. मग चंदनाच्या उटीचं काय? पंढरपूरला उन्हाळाभर विठोबाला चंदनउटी लावतात, ती काही चोळून काढत नाहीत. लेप देऊन ठेवतात. ‘उटी’ ही उटण्याच्याच घरातली ना? तुमचा धर्म तिथे मोडला.

पाटावरवंटा:
मोडला खरा, पण मराठीत आल्यावर. ‘उटणे’ हे क्रियापदही आपल्याकडे होतं, अंगाला सुगंधी द्रव्य माखणं या अर्थाने. चोळण्यातली ‘काढणं’ ही अर्धी बाजू गळली, ‘लावणं’ राहिली, त्यातून उटी. एका मुळाच्या दोन शब्दांनी कामं वाटून घेतली असं म्हणा: उटणं धुवायचं, उटी ठेवायची. माझा मुद्दा अंगरागापुरता मात्र कायम आहे. तो कधीच धुऊन टाकायची वस्तू नव्हता.

करंडा:
‘राण्या काय लावत’ याच्याआधी कोण लावून देत ते बघा, त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे. सैरंध्री.

बहुतेकांना ते द्रौपदीचं अज्ञातवासातलं टोपणनाव वाटतं. ते पेशाचं नाव आहे. विराटाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, काम मागायला गेल्यावर द्रौपदी आपली लायकी सांगते ती अशी: मला केस रचता येतात, विलेपन छान वाटता येतं, फुलांच्या माळा गुंफता येतात. राजस्त्रीच्या प्रसाधनाची सगळी यादी त्या तीन कामांत येते. भागवतातल्या कुब्जेलाही सैरंध्रीच म्हटलंय. ती मथुरेत कंसासाठी अंगविलेपन घेऊन चाललेली असते, तेच कृष्ण मागतो.

आणि विराटपर्वातच पुढे द्रौपदी रात्री मुदपाकखान्यात भीमाकडे जाते तेव्हा हात पुढे करून दाखवते. चंदन उगाळून उगाळून हातांना घट्टे पडलेत. विराटाला दुसऱ्या कुणी उगाळलेलं चंदन आवडत नाही म्हणून ते काम तिच्याकडे. भीम ते हात तोंडावर धरून रडतो.

एवढं सगळं त्या पाकिटावर मावणार नाही, पण ‘राजस्त्रियांचा’ या षष्ठीत वापरणारी दिसते आणि उगाळणारी लपते, एवढं तरी शब्दचर्चेत नोंदवायला हवं.

शेवगाशेंग:
सहाणेवर वाटीभर चंदन उगाळून बघा कुणीतरी. खोड ओलं करा, गोल गोल फिरवा, अर्ध्या तासाने जमेल ते चमचाभर. पुढे बोलू.

दिवेलागण:
षष्ठीचा मुद्दा पटला. मुघलांकडे काय शब्द होते? ‘अर्गजा’ जुन्या मराठीत वाचलाय, तो तिकडचाच का?

पाटावरवंटा:
अर्गजा दोन्हीकडे आहे. अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’ या फारसी ग्रंथात सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यावर प्रकरणच आहे, खुशबूखाना. त्यात कृतीसकट मिश्रणं दिलीत. अर्गज्यात चंदन, चोवा, कापूर, गुलाबपाणी वगैरे, आणि शेरा असा की उन्हाळ्यात अंग थंड राहावं म्हणून हा लावतात. म्हणजे अस्सल अंगराग. त्याच यादीत ‘ओपटना’ नावाचं अंग धुवायचं सुगंधी मिश्रण आहे. ओळखीचं वाटलं ना? उबटन. फारसी लिहिणाऱ्यानेही उटणं आणि अंगराग वेगवेगळेच ठेवलेत.

चोवा म्हणजे अगराच्या लाकडाचा अर्क. मराठीत ‘चोवाचंदन’ ही जोडी इतकी घट्ट झाली की लोक चोव्याला चंदनाचंच विशेषण समजतात. ती दोन वेगळी झाडं.

तिरकीटोपी:
मुघलांवर आलातच तर नूरजहाननं गुलाबाचं अत्तर शोधलं ही गोष्टही सांगून टाका. हौदात गुलाबपाकळ्या, वर तेलाचा तवंग, राणी न्हायला आली, इत्यादी.

करंडा:
हौद आणि न्हाणं हे नंतरचं नक्षीकाम. जहांगीरच्या स्वतःच्या आत्मचरित्रात श्रेय नूरजहानच्या आईला आहे, अस्मत बेगमला. ती गुलाबपाणी काढत असताना, सुरईतलं गरम गुलाबपाणी ज्या भांड्यांत ओतायची त्यांच्यावर साय धरायची. ती तिने थोडीथोडी गोळा केली. जहांगीर लिहितो की एक थेंब तळहाताला चोळला तर अख्खी मैफल दरवळते. बक्षीस म्हणून त्याने तिला मोत्यांची माळ दिली. नाव ठेवलं अकबराच्या राणीने, सलीमा सुलतान बेगमने, ‘इत्र-इ-जहांगीरी’. शोध एका बाईचा, बारसं दुसऱ्या बाईने केलं, नाव लागलं बादशहाचं.

पाटावरवंटा:
इथे शब्दाची खरी गंमत ‘गुलाब’मध्ये आहे. फारसीत फूल म्हणजे गुल. गुल + आब म्हणजे गुलाब, फुलाचं पाणी. आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला नाव उरलं नाही म्हणून ‘गुलाबपाणी’ केलं. दोनदा पाणी. त्या मानाने ‘गुलाबदाणी’ शब्द चोख आहे, तिच्यात खरोखर मूळ अर्थाचा गुलाब असतो. ‘अत्तरगुलाब’ म्हणतो तेव्हाही तोच, फूल नव्हे. लग्नात मनगटाला अत्तर लावून वर गुलाबदाणी शिंपडतात, ती जोडी.

अत्तर विकणारा तो अत्तार. हा शब्द अरबीतूनच आला तसा घेतलाय.

दिवेलागण:
संस्कृत नाटकांच्या भाषांतरात राण्या अंगाला ‘कुंकुमाचा लेप’ लावताना दिसतात. लाल कुंकू अंगभर? विचित्र वाटतं.

करंडा:
तिथे कुंकुम म्हणजे केशर. आपल्या भाषांतरकारांची नेहमीची ठेच. मराठी कुंकू हळदीचं. हळकुंडाला लिंबाचा रस आणि टाकणखार दिला की पिवळं लाल होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या केमचं कुंकू त्यासाठीच प्रसिद्ध. पदार्थ बदलला, नाव तेच राहिलं. तेव्हा ‘कुंकुमलेपन’ दिसलं की आधी ग्रंथ कुठला ते बघावं आणि मग भाषांतर करावं.

शेवगाशेंग:
राण्यांच्या सामानातली एक वस्तू राहिली. वज्री. पायाच्या टाचा घासायची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कितीतरी प्रकारच्या आहेत. खालची बाजू खरबरीत आणि वर धरायला पक्षी, प्राणी, काय वाट्टेल ते. टाच घासण्याच्या वस्तूवर एवढं कोरीव काम करायची ऐपत आणि हौस दोन्ही हवी. हल्ली दुकानात ‘फूट स्क्रबर’ मागतात. माझी आजी नुसती ‘वज्री कुठाय गं’ म्हणायची, आणि तिची म्हणजे घराघरात असते तशी साधी, बिनपक्ष्याची.

तिरकीटोपी:
वज्र म्हणजे इंद्राचं, कठीण, म्हणून वज्री?

पाटावरवंटा:
घासायला कठीण हवी, तेवढं तर जुळतं. आणि रिठा बघा: संस्कृत ‘अरिष्ट’. संकटालाही अरिष्ट, रिठ्यालाही अरिष्ट. डोळ्यात फेस गेलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. शिकेकाई मात्र संस्कृत नव्हे, दक्षिणेकडून आली. कन्नडमध्ये सीगेकाई, त्यातलं ‘काई’ म्हणजे कच्चं फळ, शेंग. म्हणजे ‘शिकेकाईच्या शेंगा’ हेही गुलाबपाण्याच्याच जातीचं.

दिवेलागण:
दुकानदाराला अंगराग आणि उटण्यातला फरक सांगितला. म्हणाला, ‘ताई, उटणं लिहिलं तर वीस रुपयांना जातं, अंगराग लिहिलं की ऐंशीला.’