बोअरच्या पाण्यात तणनाशक, कार्बन फिल्टरने जातंय का?

मोहोळकर_शेती: आमचं बोअर उसाच्या बांधाला लागून आहे, पाऊस झाला की पाण्याला औषधाचा वास मारतोय. ॲट्राझिन नावाचं तणनाशक मारलंय शेजारच्यांनी. आई म्हणते उकळून प्या. चालतंय का?

केमिस्ट्रीवाला: उकळून काय होत नाही भाऊ, उलट पाणी आटलं की औषध घट्ट होतंय. ॲट्राझिन कार्बनला चांगलं चिकटतं, एक ग्रॅम कार्बनच्या छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास असतो. पण पाणी सावकाश जायला पाहिजे, नळाला लावायची ती बोटभर कांडी काय कामाची नाही. आणि ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक असलं तर कार्बन फारसा धरत नाही, त्याला आरओ लागंल.

मोहोळकर_शेती: कार्बन भरला, आता औषध धरत नाही, हे कसं कळायचं मग? टीडीएस मीटर आहे माझ्याकडं

जुळे_सोलापूर: काय बे, टीडीएस मीटर क्षार दाखवतंय, औषध नाही 😄 आधी लॅबमधून कीडनाशकांची टेस्ट कर, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो) पिण्याच्या पाण्यातली ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. आमच्याकडं एकानं दोन वर्षं तोच कार्बन चालवला, उघडला तर नुसता काळा चिखल, हाताला बुळबुळीत! तोवर प्यायला दुसरीकडनं आण.